मुळशीत चॉकलेटचा धंदा : नोकरी सोडण्यापूर्वी हिशेब मांडा

मुळशी तालुका म्हटला की लोकांना टाटांचे धरण, ताम्हिणी घाट आणि आंबेमोहोर तांदूळ आठवतो. हिंजवडीचे आयटी पार्कही याच तालुक्यात आहे, हे पुण्यातल्याही अनेकांच्या लक्षात नसते. तेथे आपल्या समाजातील तरुणही चांगल्या पगारावर आहेत. अशा नोकरदारांच्या मनात हल्ली एक विचार घोळू लागला आहे : राजीनामा द्यावा, पिरंगुट-पौडच्या बाजूला लहानशी जागा घ्यावी आणि हाताने बनविलेल्या चॉकलेटचा धंदा करावा.

विचार वाईट नाही. गिऱ्हाईक दारात आहे. शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, दिवाळीला भेटवस्तू वाटणाऱ्या कंपन्या आहेत. लोणावळ्याची चिक्की अशाच रस्त्यावर मोठी झाली. पाचगणीचे किशोर व्होरा मूळचे औषधांच्या व्यवसायातले. त्यांनी १९५९ मध्ये फळांच्या जॅमपासून सुरुवात केली आणि त्यातून मॅप्रो उभी राहिली.

परंतु चॉकलेट या एका नावाखाली दोन वेगळे धंदे आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे. पहिल्यात तयार लादी विकत घ्यायची, वितळवायची, साच्यात ओतायची आणि चमकदार कागदात गुंडाळायची. त्यातही स्वस्त लादीला कंपाउंड म्हणतात. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ती हाताळायला सोपी, पण जिभेवर मेणासारखी लागते. कंपाउंड विकणे गुन्हा नाही, मात्र ते अस्सल चॉकलेट म्हणून विकणे म्हणजे टेरिकॉटचा तागा सुती म्हणून फाडून देण्यासारखे आहे. अशा कमाईत बरकत कुठली?

दुसरा धंदा बीपासून सुरू होतो. केरळात इडुक्की, तामिळनाडूत पोल्लाची आणि आंध्रात पश्चिम गोदावरी या भागांत नारळ-सुपारीच्या बागांत कोको पिकतो. शेंग फोडून बी पाच-सात दिवस आंबवतात व वाळवतात. खरी चव तेथेच ठरते. पुढचे काम कारागिराचे : बी भाजणे, फोडणे, फोलपट उडवणे आणि साखरेसह एक-दोन दिवस सलग वाटणे. गंमत अशी की, जगभरचे लहान कारागीर ज्या दगडी यंत्रावर हे वाटण करतात ते मुळात आपल्या कोइमतूरचे इडली-डोशाचे पीठ वाटणारे ग्राइंडर. अमेरिकेतील हौशी मंडळींनी ते चॉकलेटसाठी वापरून पाहिले आणि त्यातूनच सुधारलेली यंत्रे निघाली.

यानंतर येते ते टेम्परिंग. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून २७-२८ अंशांवर आणायचे आणि पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवायचे. हे साधले तरच लादी चमकते आणि कडकन मोडते. चुकले की वर पांढरी बुरशीसारखी झाक येते. ती बुरशी नसते, पण गिऱ्हाईकाला कोण समजावणार? पाण्याचा एक थेंब पडला तरी वितळलेला माल घट्ट गोळा होतो. मुळशीचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हवेतल्या दमटपणाबद्दल वेगळे सांगायला नको. वातानुकूलित खोली आणि वीज गेल्यावर चालणारा जनरेटर, हा खर्च टाळता येणार नाही.

हा धंदा माणसाला कोठवर नेतो, त्याचे एक उदाहरण सीरियातील हदहद कुटुंबाचे आहे. इसाम हदहद स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होते. ते सोडून १९८६ मध्ये त्यांनी दमास्कसमध्ये चॉकलेट बनविण्यास सुरुवात केली आणि पुढे मोठा कारखाना उभा केला. २०१२ च्या बॉम्बहल्ल्यात तो जमीनदोस्त झाला. कुटुंब लेबनॉनमध्ये निर्वासित झाले आणि पुढे कॅनडातील अँटिगोनिश या छोट्या गावी पोहोचले. तेथे २०१६ मध्ये त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात पुन्हा हात चालवला. आधी स्थानिक बाजारात विक्री केली, मग गावकऱ्यांच्या मदतीने एक लहान शेड बांधली. ‘पीस बाय चॉकलेट’ या नावाने त्यांचा माल आज ओळखला जातो. कारखाना, यंत्रे, गोदाम, सगळे गेले होते. हातातला हुनर तेवढा शिल्लक होता.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने. कापडाचा न खपलेला तागा पुढच्या वर्षी सूट देऊन निघतो. चॉकलेट एप्रिलच्या उन्हात दुकानातच वितळते. कच्च्या मालाचा भावही बेभरवशाचा. २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोको टनाला २,५०० डॉलरच्या आसपास होता. घाना व आयव्हरी कोस्टमध्ये पीक बिघडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो १२,००० च्या वर गेला. २०२५ मध्ये पुन्हा निम्म्याच्या आसपास उतरला. अशा बाजारात कंपन्यांना तीन महिन्यांच्या उधारीवर माल देणारा नवखा माणूस टिकणे कठीण. कराची बाजू मात्र सुधारली आहे. चॉकलेटवरचा जीएसटी २०१७ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के.

आपल्यासाठी आणखी एक अनुकूल गोष्ट आहे, जी इतर व्यापाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. २०१९ ची रमजान ईद ५ जूनला होती. तेव्हा चॉकलेटचा डबा कोणी सुखरूप घरी नेऊ शकत नव्हता. चंद्राच्या हिशेबाने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२७ ची ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल आणि २०३० ची फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे पुढची काही वर्षे रमजान थंडीत किंवा थंडीच्या शेवटी आहे. बी काढून आत बदाम भरलेला, गडद चॉकलेटमध्ये बुडवलेला खजूर इफ्तारलाही चालतो आणि ईदीलाही. मद्यार्क असलेले स्वाद आणि जनावरांपासूनचे जिलेटिन यांना त्यात जागा नसावी. लादी विकत घेत असाल तर तिच्या वेष्टनावरील घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

तेव्हा राजीनामा लिहिण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, एक लहान ग्राइंडर आणा आणि पगार चालू असतानाच एक रमजान व एक दिवाळी विकून पाहा. माल रोखीने द्या. पहिला पावसाळा संपल्यावर वही उघडा आणि मग पिरंगुटची जागा बघायला जा.