जुन्या गाडीचं ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग उपाय करा



मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ मध्ये बनायची बंद झाली. तरी आपल्यापैकी काहींच्या दारात ती अजून उभी आहे. सकाळी गाडी काढली की खाली फरशीवर काळा डाग दिसतो. "जुनी गाडी आहे, थोडं गळायचंच" म्हणून आपण सोडून देतो. पण ऑइल फार कमी झालं की आतले भाग कोरडे घासतात आणि इंजिन जाम होतं. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर ऑइल पडलं तर आगीचाही धोका असतो.

गळती का होते?

इंजिनच्या दोन भागांमध्ये गॅस्केट असते आणि फिरत्या दांड्याभोवती रबरी ऑइल सील. वर्षानुवर्षं उष्णता सोसून रबर कडक होतं, त्याला तडे जातात. दुसरं कारण म्हणजे तुंबलेला ब्रीदर पाइप. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली उतरतो. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर कुकरची शिटी अडकल्यासारखा आत दाब वाढतो आणि नव्या सीलमधूनसुद्धा ऑइल बाहेर येतं. म्हणून सील बदलण्याआधी हा पाइप साफ आहे का, ते बघा.

जागा कशी शोधायची?

डाग पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

१. गाडी सपाट जागेवर लावा, डिपस्टिकने ऑइलची पातळी बघा.
२. थंड इंजिन डीग्रीझरने पुसून कोरडं करा.
३. संशय असलेल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा.
४. गाडी थोडी फिरवून आणा, इंजिन बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पावडर जिथे आधी ओली झाली, तिथेच गळती!

उपाय काय?

टॅपेट कव्हरची गॅस्केट बदलणं सोपं आहे. मात्र नट फार आवळू नका, कव्हर वाकलं की गळती वाढते. ड्रेन प्लगपाशी ओलं असेल तर वॉशर बदला. ऑइल फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग चिकटून राहिली नाही ना, ते तपासा. क्रँकचं मागचं सील बदलायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम मेकॅनिकचंच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

हे काम करताना मुलांनाही जवळ उभं करा. निरीक्षण, अंदाज आणि पडताळणी हे आपण फळ्यावर शिकवतो. इथे ते पावडरवर उमटलेलं दिसतं.