बारा चित्रांची मर्यादा

दुहेरी भिंगाच्या जुन्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात 120 क्रमांकाची फिल्म भरली, की अवघी 12 चौकोनी छायाचित्रे पदरात पडतात आणि ती संपताच सावली शोधून नवा रोल चढवावा लागतो. दिवसाकाठी शेकडो चित्रे टिपण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्या तरुण छायाचित्रकाराला ही मर्यादा प्रथम जाचक वाटली, यात नवल नाही. परंतु या यंत्राची रचनाच उतावळेपणाला प्रतिकूल आहे. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावरून परावर्तित होऊन दुधी काचेवर जी प्रतिमा उमटवतो तीत डावे-उजवे उलट झालेले असते, त्यामुळे धावत्या मुलाचा पाठलाग करू पाहणारा नवखा हमखास विरुद्ध दिशेला वळतो. (माझा पहिला रोल असाच बरबाद झाला.)

शिवाय मान खाली घालून पाहावे लागत असल्याने समोरच्या माणसावर नजर रोखली जात नाही, आणि संकोची स्वभावाला तेवढी सवलत पुष्कळ होते. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर या एकलकोंड्या बाईने बहुतांशी याच कॅमेऱ्याने रस्त्यावरचे जीवन टिपले. 2009 साली ती निवर्तली तेव्हा तिचे शेकडो रोल धुतलेसुद्धा गेले नव्हते. निर्मिती ही प्रेक्षकांच्या पसंतीची मोताद असते, हा समज मला हे कळल्यापासून फारसा पटत नाही.

काल मंडईत लिंबे विकणाऱ्या आजींसमोर तासभर बसलो. त्यांनी मला दोनदा चहा विचारला. बारावे चित्र अजून शिल्लक आहे.