खुणेला खूण : घरच्या घरी टायमिंग बेल्ट

बॉनेट उघडून कितीही वाकून पाहिलं, तरी टायमिंग बेल्ट सहसा दिसत नाही. इंजिनाच्या एका कडेला, कव्हरआड तो फिरत असतो. बोट-दीड बोट रुंदीचा, आतून दाते असलेला काळा रबरी पट्टा. खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखायची सगळी जबाबदारी त्याच्यावर. क्रँकला पिस्टन जोडलेले, तर कॅम व्हॉल्व्ह उघडणारा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, म्हणून वरच्या पुलीला खालच्यापेक्षा बरोबर दुप्पट दाते असतात. क्रँक मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. हे सगळं पट्ट्याच्या भरवशावर चालतं.

पूर्वी हे काम गिअर किंवा साखळी करायची. जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने १९६२ साली ‘१००४’ ही छोटी गाडी विकायला काढली. मोठ्या संख्येने बनलेल्या गाड्यांमध्ये दातेरी रबरी पट्ट्यावर कॅम फिरवणारी ही पहिली. पट्टा हलका, आवाज न करणारा, वंगण न मागणारा आणि बनवायला स्वस्त. त्यामुळे तो झपाट्याने पसरला. आपल्याकडे १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनात तो होता. पुढे पिंपरी-चिंचवडला तयार झालेल्या डिझेल इंडिकातही तोच आला. आज अनेक इंजिनं पुन्हा साखळीकडे वळली आहेत, पण पट्ट्याच्या गाड्या अजून भरपूर धावताहेत.

पट्ट्याच्या रबरात काचेच्या तंतूंचे दोर असतात, म्हणून तो फारसा ताणला जात नाही. दात्यांवर नायलॉनचं कापड असतं. उष्णता, तेलाचे थेंब आणि वय हे त्याचे तीन शत्रू. झिजलेली साखळी बहुधा खडखडून सांगते. पट्टा मात्र बऱ्याचदा काही न सांगता तुटतो किंवा त्याचे दाते सोलून निघतात. कॅम जागीच थांबतो, क्रँक मात्र फिरतच राहतो. ज्या इंजिनात पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात, तिथे व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून बऱ्याच कंपन्या ६० हजार ते १ लाख किलोमीटरची किंवा ठरावीक वर्षांची मुदत घालून देतात. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. गाडी दारात उभी असली तरी रबर म्हातारं होतंच.

हे काम घरी करता येतं, पण आपल्या इंजिनाचं मॅन्युअल हाताशी हवंच. इंजिन पूर्ण गार झालेलं, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, गाडी सपाट फरशीवर आणि भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. आडव्या इंजिनाच्या गाडीत बहुतेकदा पुढचं एक चाक आणि आतलं कव्हर काढलं की क्रँक पुली समोर येते. स्पार्क प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरतं. फॅन बेल्ट उतरवायचा. मग कामातला सगळ्यात हट्टी नट येतो, तो क्रँक पुलीचा. तिथे लांब दांड्याचा सॉकेट पाना लागतो.

टायमिंग कव्हर निघालं की खरं काम सुरू होतं. पुलीवर बारीक ठिपका किंवा रेघ असते आणि इंजिनाच्या अंगावर तिची जोडीदार खूण. क्रँक पान्याने हळूहळू फिरवून वर आणि खाली खुणेला खूण भिडवायची. जुना पट्टा काढण्याआधीच त्याच जागी खडूने किंवा रंगाने आपली खूण करून ठेवावी आणि फोटोही काढावा. मग पट्टा ताणून धरणारा टेन्शनर सैल करून पट्टा उतरवायचा. आता दोन्ही शाफ्ट जागचे हलू द्यायचे नाहीत. टेन्शनरचं बेअरिंग बोटाने फिरवून पाहावं; खरखर लागली तर तेही बदलावं. ऑइल सील झिरपत असेल तर आत्ताच नवं बसवावं, नाहीतर ते तेल नव्या पट्ट्यावर उतरेल.

नवा पट्टा मुडपायचा नाही, त्याला तेलाचा हात लावायचा नाही. टेन्शनर ज्या बाजूला नाही, ती बाजू ताठ ठेवत तो दात्यांवर चढवायचा. टेन्शनर मॅन्युअलप्रमाणे बसवायचा. आणि स्टार्टर मारायच्या आधी क्रँक पान्याने, नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे हाताने फिरवायचा. मध्येच अडकलं तर जोर लावायचा नाही. बहुधा एखादा दाता चुकलेला असतो. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा जुळल्या, तरच काम बरोबर. हे दोन फेरे घाईत टाळणाऱ्याच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये, मग तो घरचा असो की गॅरेजचा.

कव्हर लावताना तारीख आणि किलोमीटरचा आकडा बॉनेटखाली चिकटवून ठेवावा, सर्व्हिस बुकातही लिहावा. गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती जाते आणि पट्ट्याचं वय वरून ओळखता येत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने हा आकडा मागावा. तो मिळाला नाही, तर पट्टा जुनाच समजून आधी तो बदलावा आणि मगच लांबच्या प्रवासाला निघावं.