व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि इंजिनाचा वेग

पुस्तकावर नाणे ठेवून पुस्तक झटक्याने खाली नेले, तर नाणे मागे राहते. पुस्तकाचे त्वरण गुरुत्वत्वरणाहून जास्त झाले की दोघांचा संपर्क सुटणारच. वेगवान मोटारीच्या इंजिनात नेमकी हीच अडचण येते.

पुशरॉड असलेले एखादे अमेरिकी व्ही-८ इंजिन घेऊ. कॅम टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅममुळे. मिटतो तो मात्र केवळ स्प्रिंगमुळे. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतो. तेवढ्याच वेळा प्रत्येक व्हॉल्व्ह उघडतो व मिटतो. त्यासाठी गुरुत्वत्वरणाच्या शेकडो पट त्वरण लागते. स्प्रिंग कमी पडली, तर टॅपेट कॅमपासून सुटतो, व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि पिस्टनवर आदळूही शकतो.

हे त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६००० ऐवजी ७२०० फेरे हवे असतील, तर वेग १.२ पट, पण बल १.४४ पट लागेल.

मग जास्तीत जास्त कडक स्प्रिंग का बसवू नये? कारण त्या बलाने कॅम व टॅपेट झिजतात, पुशरॉड वाकतो. म्हणून मोजमाप करावे लागते. समजा, व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंगची उंची ४४ मि.मी. व बल ५० किलोग्रॅम-भार आहे, प्रत्येक मि.मी. दाबाला बल ६ ने वाढते. व्हॉल्व्ह १२ मि.मी. उघडला की उंची ३२ मि.मी. आणि बल १२२ होईल. वेटोळी एकमेकांना ३० मि.मी. उंचीवर टेकत असतील, तर २ मि.मी. मोकळीक उरते. स्प्रिंगखाली १ मि.मी. जाडीचा वॉशर घातला, तर बल ६ ने वाढते, पण मोकळीक निम्मी होते. साधारण दीड मि.मी. मोकळीक राखण्याची पद्धत आहे. म्हणजे हा वॉशर चालणार नाही.

तेलावर चालणाऱ्या टॅपेटमधील दट्ट्या तेलाच्या दाबाने सांध्यांतील पोकळी आपोआप भरून काढतो. तो बसवताना टॅपेट कॅमच्या गोल भागावर आणतात, रॉकरचा नट पोकळी संपेपर्यंत फिरवतात आणि पुढे साधारण अर्धा ते पाऊण फेरा देतात. मात्र जास्त वेगात टॅपेट कॅमपासून सुटला, की दट्ट्या ती पोकळीही भरतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि शक्ती घटते. दोष टॅपेटचा वाटतो. मूळ असते दुबळ्या स्प्रिंगमध्ये.

रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला-१ च्या इंजिनात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू वापरला. दुसरा मार्ग म्हणजे हलणारे भाग हलके करणे. विद्यार्थ्यांना विचारावे : स्प्रिंग तीच ठेवून वेग १.२ पट करायचा असेल, तर हलणारे वस्तुमान किती टक्के घटवावे लागेल? उत्तर सुमारे ३१ टक्के येते.