उसाला औषध व खत : ड्रोनने की जमिनीवरून?



"ड्रोन आलाय, आता औषध काय नि खत काय, सगळं वरूनच टाकू," असे बोलणे हल्ली गट ऑफिसात व पारावर ऐकू येते. भाड्यापोटी पदरचे पैसे घालण्याआधी कोणते काम वरून होते व कोणते होत नाही, ते नीट समजून घेतले पाहिजे.

विमानाने पिकावर औषध टाकण्याची सुरुवात ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाली. तिकडे लुइझियानात उसावर आजही विमानाने फवारणी होते. पण तेथील शेते अफाट. आपल्याकडे एकर-दोन एकरांचे तुकडे, बांधावर झाडे आणि डोक्यावर विजेच्या तारा. त्यामुळे आपल्याला विमान नव्हे, ड्रोनच सोयीचा.

ड्रोनचा खरा उपयोग मोठ्या बांधणीनंतर. ऊस डोक्याच्या वर गेला की ट्रॅक्टर आत जात नाही. माणूस शिरला तर पात अंग कापते आणि औषध तोंडावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नये. तांबेऱ्यासारखा पानावरचा रोग किंवा सूक्ष्म अन्नद्रव्ये यांसाठी ड्रोन चांगला. १० लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होते, वेळ सात ते दहा मिनिटे. पाठीवरच्या पंपाला त्याच एकराला २०० लिटर पाणी लागते.

पण पाणी कमी म्हणजे द्रावण कडक, आणि बहुतेक थेंब पानाच्या वरच्या बाजूला. लोकरी मावा बसतो पानाच्या खाली. हुमणी तर मुळाशी, तिथे ड्रोनचा काडीचा उपयोग नाही. शिवाय २००२ सालापासून आलेला लोकरी मावा आटोक्यात आणण्यात डिफा व मायक्रोमस या मित्रकिडींचा मोठा वाटा होता. फवारणीने त्याही मरतात. आधी पान उलटून पाहा, मग ठरवा.

आता खताचा हिशेब. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे युरिया सुमारे ३४८ किलो, ४५ किलोची पावणेआठ पोती. दहा किलो नेणाऱ्या ड्रोनच्या पस्तीस खेपा झाल्या! एवढे करून दाणे पोंग्यात अडकणार, पात करपणार आणि उघड्यावर पडलेल्या युरियातले नत्र हवेत उडणार. पाण्यात विरघळवून म्हणाल, तर २ टक्क्यांच्या १० लिटर द्रावणात युरिया २०० ग्रॅम, नत्र अवघे ९२ ग्रॅम. फवारणीचे खत हे तोंडी लावणे झाले, पोटभर जेवण नव्हे. मुख्य खत हप्त्याने बुडाशी, मातीआड किंवा ठिबकमधूनच द्यावे.

तणनाशकाबाबत विशेष इशारा. २,४-डी वाऱ्याने शेजारच्या द्राक्षावर, कपाशीवर किंवा टोमॅटोवर गेले तर त्याचे पीक बसते आणि भावकीत कायमचे वैर येते. तणनाशक पाठीवरच्या पंपाने, नोझलला हूड लावून, तणावरच मारावे.

ड्रोन बोलावताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. चालकाकडे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे का?
२. औषध त्या पिकासाठी व ड्रोनसाठी मान्य आहे का?
३. कीटकनाशक नियम १९७१ नुसार हवाई फवारणीची सूचना किमान २४ तास आधी दिली आहे का? शेजाऱ्याला, विशेषतः मधपेट्या व रेशीमवाल्याला, स्वतः जाऊन सांगा.
४. वारा सुटला किंवा पावसाचा रंग दिसला तर काम थांबवा.
५. गुरे व मुले शेतापासून दूर ठेवा. विहिरीजवळ फवारू नका.

शंका असल्यास फवारणीपूर्वी गटाच्या शेतकी मदतनीसाला प्लॉट दाखवावा. फवारणी झाल्यावर दाखवून उपयोग नाही.

— ऊस विकास विभाग