सायकलीवरील लहान टू-स्ट्रोक इंजिन : कोणते फेरबदल हिताचे, कोणते घाताचे

दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीची पाटी बाजारात नेणे, दूरच्या मळ्यावर जाऊन येणे, अशा कामांसाठी सायकलीला लहान इंजिन जोडण्याची कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात वाहनांची टंचाई असताना सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली लष्कराच्या बिनतारी संदेशयंत्रांची लहान इंजिने सायकलींवर बसवून विकली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ‘व्हेलोसोलेक्स’ ही इंजिनाची सायकल विक्रीस आली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १९७२ नंतर पायडल असलेल्या ५० सीसीच्या ‘लुना’ने हेच काम केले. आज सायकलीला जोडता येणारी सुटी टू-स्ट्रोक इंजिनेही संचरूपाने मिळतात.

इंजिन थोडे जुने झाले, किंवा चढावर ओझे ओढेनासे झाले, की त्याचा जोर वाढविण्याचा मोह होतो. मग हेड घासणे, झरोके कानशीने मोठे करणे, सायलेन्सर पोकळ करणे, हवेची जाळी काढून टाकणे असे उपाय सुचविले जातात. यांतील काही उपायांनी जोर वाढतोही. परंतु तो कशाच्या मोबदल्यात वाढतो, हे आधी समजून घेणे जरूर आहे.

इंजिनाची रचना

टू-स्ट्रोक इंजिनात स्वतंत्र झडपा नसतात. पिस्टन वर-खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतील झरोके उघडतो व मिटतो. पिस्टनच्या वर मिश्रणाचा स्फोट होत असतो, त्याच वेळी त्याच्या खाली क्रँककेसमध्ये नवे मिश्रण भरलेले असते. या इंजिनात तेलाची निराळी टाकीही नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच बेअरिंग व पिस्टन यांना वंगण पुरविते. म्हणजेच येथे इंधन आणि वंगण एकाच वाटेने येतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील सर्व विवेचन सहज उमगेल.

नेहमीच्या फेरबदलांचे परिणाम

हवेची जाळी काढली की हवा अधिक येते व तिच्या मानाने पेट्रोल कमी पडते. मिश्रण असे पातळ झाले की सिलिंडर अधिक तापतो, आणि पेट्रोलबरोबर येणारे तेलही घटते. उष्णता वाढणे आणि वंगण कमी होणे हे दोन्ही एकदम घडल्यामुळे पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो. शिवाय आपल्या रस्त्यांवरील धूळ आत जाऊन रिंगा झिजतात, ते नुकसान वेगळेच.

हेड घासल्याने दाब वाढतो. उदाहरणार्थ, ४७ मिलिमीटर बोअर व ३८ मिलिमीटर धाव असलेले इंजिन घेऊ. बाजारात ते ‘८० सीसी’ म्हणून विकले जाते. हिशेब केला तर ते ६६ सीसीचे भरते. त्याच्या हेडखालील मोकळी जागा ११ घनसेंटिमीटर धरली, तर दाबाचे प्रमाण ७ येते. हेड केवळ १ मिलिमीटर घासले, तर ही जागा सुमारे १.७ घनसेंटिमीटरने घटते व प्रमाण ८ च्या वर जाते. एवढ्याने चढावर थोडा फरक जाणवेल. परंतु वाऱ्यावर थंड होणारे हे इंजिन ओझे घेऊन सावकाश चढत असते, तेव्हाच त्याला वारा सर्वांत कमी मिळतो. अशा वेळी ते ठोके देऊ लागते व अखेर पिस्टनचा माथा जळतो.

धूर बाहेर जाण्याचा झरोका वरच्या बाजूने वाढविला, तर इंजिन मोठ्या वेगात अधिक जोर देते. मात्र कमी वेगातील जोर घटतो व ताजे मिश्रण न जळताच बाहेर जाते. ओझे वाहणाऱ्याला नेमका कमी वेगातील जोर हवा असतो. शिवाय कानशीने काढलेला धातू पुन्हा भरून येत नाही.

सायलेन्सर हा केवळ आवाज दाबणारा डबा नव्हे. त्यातून परत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत लोटते. पूर्व जर्मनीतील एम. झेड. कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी या लाटेचा अभ्यास करून १९६१ साली १२५ सीसीच्या शर्यतीच्या इंजिनापासून सुमारे २५ अश्वशक्ती मिळविली. परंतु त्यासाठी त्यांनी झरोके, सायलेन्सर व मिश्रणाची आवक ही सर्व अंगे एकमेकांशी जुळवून घेतली होती. ते इंजिन मिनिटाला १०,००० हून अधिक फेरे घेई. केवळ सायलेन्सरची आतील नळी कापून असा लाभ होत नाही. आवाज मात्र वाढतो.

गमावलेली शक्ती आधी परत मिळवावी

जोर कमी झालेल्या इंजिनाला पुष्कळदा फेरबदलाची नव्हे, तर साफसफाईची गरज असते. त्यासाठी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात :

१. सायलेन्सर काढून धुराच्या झरोक्यात साचलेली काजळी लाकडी पट्टीने खरवडावी. त्या वेळी पिस्टन सर्वांत वर आणून ठेवावा, म्हणजे झरोका झाकला जाऊन काजळी सिलिंडरमध्ये पडणार नाही.

२. हवेची जाळी धुऊन, वाळवून पुन्हा बसवावी. ती काढून ठेवू नये.

३. प्लगचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य समजावा. पांढरट रंग पातळ मिश्रणाचा, तर काळा व काजळलेला प्लग दाट मिश्रणाचा किंवा जादा तेलाचा निदर्शक असतो.

४. तेल मापानेच घालावे. इंजिनासाठी २५ : १ प्रमाण सांगितले असेल, तर १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर, आणि ५० : १ असेल, तर २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागते. अंदाजाने जादा तेल घातल्यास काजळी वाढते व तेवढे पेट्रोलही कमी पडते.

५. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमधील मिश्रण किंचित पातळ होते. प्लग पांढरा दिसू लागल्यास जेट एक क्रमांक मोठा घालणे हा उचित फेरबदल होय. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी जादा झाले की इथेनॉलसह तळाशी बसते व तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. म्हणून पावसाळ्यात टाकीत जुने मिश्रण साठवू नये.

फवारणीचा पाठीवरचा पंप व गवत कापण्याचे यंत्र यांवरही टू-स्ट्रोक इंजिन असेल, तर हेच नियम त्यांनाही लागू पडतात.

ओझ्यासाठी दातेरी चाक बदलावे

साफसफाईनंतरही चढ जड जात असेल, तर इंजिनाला हात न लावता मागील दातेरी चाक बदलावे. ३६ दात्यांच्या जागी ४४ दात्यांचे चाक घातल्यास चाकावरील ओढ सुमारे २२ टक्क्यांनी वाढते व इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना वेग सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. ओझे वाहणाऱ्याला हा सौदा लाभाचा आहे. आणि तो न मानवल्यास जुने चाक परत बसविता येते. लांब उतारावर थ्रॉटल मिटून इंजिन नुसते फिरत ठेवू नये, कारण पेट्रोल बंद झाले की तेलही बंद होते. वेग आधीच कमी करून अधूनमधून थोडा थ्रॉटल द्यावा.

ब्रेक आणि कायदा

वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते. ताशी २० किलोमीटरला पुरणारे सायकलीचे ब्रेक ताशी ४० किलोमीटरला, दुधाच्या कॅनसह, पुरे पडत नाहीत. चिमटा, आरे व रिम हे भागही त्या वेगासाठी केलेले नसतात. इंजिन जाम झाले तर पैसे जातात. ब्रेक अपुरे पडले तर माणूस जातो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार चारपेक्षा कमी चाके व २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्याहून मोठे इंजिन बसविले की नोंदणी, विमा व परवाना यांवाचून ते सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. नोंदणीकृत वाहनात मूळ रचनेविरुद्ध बदल करण्यासही कलम ५२ अन्वये मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संच विकत घेण्यापूर्वीच शेतकऱ्यांना द्यावी. पैसे खर्च झाल्यावर तिचा उपयोग नाही.

लहान इंजिनाकडून त्याच्या बेताने काम घेतले, तर ते अनेक वर्षे इमानाने चालते. तेलाचे माप, स्वच्छ जाळी, साफ झरोका आणि कामाला साजेसे दातेरी चाक या चार गोष्टी सांभाळाव्यात. कानस व लेथ यांपासून ते दूरच ठेवावे.