नव्या गाडीला पासिंगची सूट, पण दोनच वर्षे

सभासद बंधू-भगिनींनो,

दसरा-दिवाळीला ऊस वाहतुकीसाठी नवे ट्रक घ्यायची आपल्याकडे घाई असते. गट ऑफिसात हमखास कोणीतरी सांगतो, "साहेब, नव्या गाडीला आता पासिंग लागत नाही." हे निम्मेच खरे आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले. कंपनीतून बॉडीसह पूर्ण तयार आलेली मालवाहू गाडी नोंदवताना योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपले पासिंग, लागत नाही. नोंदणीपासून २ वर्षे ते आहे असेच धरतात. मात्र नुसती चासी घेऊन वर्कशॉपात बॉडी बांधलीत, तर ही सूट नाही. ती गाडी आर.टी.ओ.कडे तपासणीला उभी करावीच लागते.

२ वर्षे संपली की पासिंग सर्वांनाच. गाडी ८ वर्षांची होईतो दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी.

शेतीचा ट्रॅक्टर मालवाहू गाडीत मोडत नाही. त्याची नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर तपासणी करून नूतनीकरण. पण भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढायचा असेल, तर नोंदणी कशी करायची ते आधीच आर.टी.ओ.त विचारून घ्या. ट्रॉलीही कायद्याने मोटार वाहनच आहे, तिचीही नोंदणी लागते.

आता मुख्य मुद्दा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५६ सांगते, की योग्यता प्रमाणपत्र नसेल तर मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. मागे एका हंगामात रात्री उसाच्या ट्रकवर मोटारसायकल आदळून तरणा पोरगा गेला. ट्रकच्या पासिंगची मुदत ११ दिवसांपूर्वी संपलेली. "ऐन हंगामात गाडी कोण थांबवणार?" म्हणून मालकाने पुढे ढकलले होते. विमा कंपनीने नेमके त्यावरच बोट ठेवले. मी दोन्ही घरी जाऊन आलो. काय बोलावे ते सुचेना.

दिवाळीत नोंदलेल्या गाडीची मुदत दोन वर्षांनी दिवाळीतच, म्हणजे गाळपाच्या तोंडावर संपते, हे ध्यानात ठेवा. आजच कागद काढून तारीख बघा आणि गव्हाणीत मोळी पडण्याआधी पासिंग उरका. कागद समजत नसेल तर गट ऑफिसला घेऊन या, आपण मिळून वाचू.

आपला,
ऊस विकास अधिकारी